पिरॅमिड बांधणाऱ्यांची नावं

प्रश्न : पिरॅमिड गुलामांनी चाबकाच्या धाकाने बांधले, असं लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं आहे का?

नाही. १९९० मध्ये इजिप्तमध्ये, कैरोजवळच्या गिझाच्या पठाराजवळ एका घोड्याचा पाय कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे बांधकामावरच्या लोकांचं कबरस्तान सापडलं. मुकादम, कारागीर, मजूर सगळे तिथे पुरलेले आहेत, तेही राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत. गुलामांना ही जागा कोण देईल? कित्येक सांगाड्यांची मोडलेली हाडं नीट जुळून आलेली दिसतात, म्हणजे जखमींवर उपचार होत होते. जवळच त्यांची वस्ती, पाव भाजायच्या भट्ट्या आणि गाई-शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीगही मिळाले.

पण त्यांना आजच्या अर्थाने पगारी नोकर समजू नका. राजाचं बोलावणं आलं की गावातून माणसं पाठवावीच लागत. मोबदला मिळे तो पाव, बिअर अशा जिनसांत. कष्ट तर हाडं झिजवणारे होते. मणक्यांवर त्याच्या खुणा आजही दिसतात.

प्रश्न : त्या काळचा लेखी पुरावा काही आहे का?

आहे, आणि या विषयातलं माझं सर्वांत लाडकं प्रकरण तेच. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर, वादी अल-जर्फ इथे, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेले असे याहून जुने पपायरस आजवर सापडलेले नाहीत. त्यात मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे, खुफू राजाच्या कारकिर्दीच्या अखेरची. गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड याच खुफूचा.

मेरेरच्या हाताखाली चाळीसेक माणसांची टोळी होती. नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडक होडीत भरायचा, नदी आणि कालव्यांतून गिझाला आणायचा, उतरवायचा आणि परत जायचं. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा होत. हाच दगड पिरॅमिडच्या बाहेरच्या गुळगुळीत आवरणाला लागायचा. आज कुठे दगड भरला, रात्री मुक्काम कुठे पडला, असं सगळं तो रोज टिपून ठेवतो. देखरेखीला असलेल्या अंखहाफचं नावही येतं. तो खुफूचा सावत्र भाऊ. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका मुकादमाचा हा हिशेब वाचताना मला दर वेळी भरून येतं.

प्रश्न : एवढे जड दगड वर चढवले तरी कसे?

आधी आकडे पाहू. खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या सुमाराचा. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, पायाची प्रत्येक बाजू २३० मीटर. अंदाजे २३ लाख दगड, सरासरी वजन अडीच टन. काम वीस वर्षं चाललं असं धरलं तर रोज ३१५ दगड बसवावे लागतात. बहुतेक दगड जवळच्याच खाणीतले होते, हे मात्र विसरू नये. आतल्या राजाच्या दालनाचा ग्रॅनाइट तेवढा आठशे किलोमीटरवरच्या अस्वानहून नदीमार्गे आला.

दगड लाकडी घसरगाडीवर ठेवून दोरांनी ओढत. इ.स.पू. १९००च्या आसपासच्या, जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात एक माणूस घसरगाडीपुढे पाणी ओततो आहे. ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं, की वाळू नेमकी ओली असेल तर ओढायला निम्मंच बळ लागतं. दगड वर न्यायला चढाव करत, त्याचाही पुरावा आहे. इजिप्तमधल्याच हतनुबच्या खाणीत २०१८ मध्ये एक तीव्र चढाचा रस्ता उजेडात आला, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांसाठी खळगे असलेला. पिरॅमिडभोवतीचा चढाव सरळ होता की वळत जाणारा, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडण पद्धतीवर आहे, बांधणाऱ्यांवर नाही.

प्रश्न : मग इतकी अचूकता एकदम कशी आली? परग्रहवासीयांची मदत असेल का?

एकदम आलीच नाही. सक्कारा इथे जोसर राजासाठी त्याचा वास्तुविशारद इम्होतेप याने सहा टप्प्यांचा पिरॅमिड उभारला, तो खुफूच्या जवळपास शंभर वर्षं आधी. खुफूचा बाप स्नेफेरू याने दाहशूरला बांधलेल्या पिरॅमिडचा उतार सुमारे ५४ अंशांनी सुरू होतो आणि अर्ध्यावर ४३ अंशांवर येतो. खालची जमीन आणि बांधकाम भार पेलत नव्हतं, आतल्या दालनांना तडे जात होते, म्हणून हा बदल झाला असावा. पुढचा, लालसर दगडाचा पिरॅमिड त्याने सुरुवातीपासून कमी उतारावर बांधला. चुकत, सुधारत शिकलेल्या तीन-चार पिढ्यांचं श्रेय आकाशातून आलेल्या कुणाला तरी देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. या प्रश्नाला मी नेहमी थोडं चिडून उत्तर देतो, क्षमा असावी.

प्रश्न : तुतनखामेनचा पिरॅमिड कोणता?

त्याचा पिरॅमिड नाही. तो खुफूनंतर बाराशेहून अधिक वर्षांनी झाला. तोवर राजांना लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, डोंगरात कोरलेल्या थडग्यांत पुरत. १९२२ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना त्याची कबर सापडली ती तिथेच.

प्रश्न : खुफू दिसायला कसा होता?

एवढा मोठा पिरॅमिड उभारणाऱ्या या राजाची संपूर्ण अशी एकच मूर्ती मिळाली आहे. ती हस्तिदंती आहे, उंची जेमतेम साडेसात सेंटिमीटर. १९०३ मध्ये इजिप्तमधल्या अबायडॉसला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना ती मिळाली तेव्हा डोकं तुटलेलं होतं. त्यांनी मजुरांकडून काढलेली माती पुन्हा पुन्हा चाळून घेतली, तेव्हा कुठे ते हाती लागलं.