दगडातल्या परागकणांवर भरवसा किती?

प्रश्न : फूल दिवसभरात कोमेजतं. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीची फुलं सापडतात कशी? आणि फुलझाडं पृथ्वीवर कधी आली हे परागकणांवरून सांगतात, ते कितपत खरं मानावं?

उत्तर : आधी परागकणांचं सांगतो, माझं सगळं काम त्यांच्यावरच झालं आहे. परागकणाचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट द्रव्याचं असतं. गाळाचा खडक कुटून आम्ही तो हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवतो. वाळू, चिकणमाती सगळं विरघळतं, पण कवच तसंच राहतं. शिवाय परागकण वाऱ्यापाण्याबरोबर पसरून तळ्यांच्या आणि समुद्राच्या गाळात बसतात. त्यामुळे जिथे फुलाचा मागमूस नाही, तिथेही ते हाती लागतात.

सपुष्प वनस्पतींचे बहुतेकांना मान्य असलेले सर्वांत जुने परागकण क्रिटेशियस काळाच्या सुरुवातीचे, साधारण साडेतेरा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्या कवचाला एकच खाच असते. खाच तर सायकस या फुलं न येणाऱ्या झाडाच्या परागकणालाही एकच. म्हणून आम्ही भिंत पाहतो : बाहेरचा थर आणि आतला थर यांच्यामध्ये बारीक खांब उभे असले, तर कण फुलझाडाचा असण्याची शक्यता मोठी. पुढे साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत तीन सारख्या खाचांचे कण दिसू लागतात. ही खऱ्या द्विदल वनस्पतींची खूण, आणि आजच्या फुलझाडांच्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती याच गटातल्या.

पण सुटा कण फसवू शकतो. १९४८ साली परागकणांचे अभ्यासक एर्टमान यांनी स्वीडनच्या जुरासिक, म्हणजे क्रिटेशियसच्या आधीच्या काळातल्या, खडकांतल्या खाचा असलेल्या कणांना यूकॉमिडाइट्स असं नाव दिलं, आजच्या यूकॉमिया या फुलझाडाशी असलेल्या साम्यावरून. नीट पाहिलं तर त्यांच्या तीन खाचा सारख्या नाहीत, एक मोठी आणि दोन आखूड. पुढे हेच कण अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बियांच्या, फुलं नसलेल्या वनस्पतींच्या बियांच्या तोंडाशी सापडले आणि जुरासिक फुलझाडाचा दावा गळून पडला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगतो.

म्हणूनच फुलं हवीत. त्यांना वाचवलं वणव्यांनी! हवा कमी पडल्यामुळे फूल राख न होता कोळसा झालं, तर त्याचा आकार चपटा न होता टिकतो. १९८१ मध्ये एल्से मारी फ्रीस आणि अ‍ॅनी स्कार्बी यांनी दक्षिण स्वीडनमधली अशी फुलं जगापुढे आणली. पोर्तुगालमधली त्याहून जुनी. गाळ पाण्यात सुटा करून बारीक चाळणीतून काढला की ती मिळतात, बहुतेक एक ते तीन मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी. सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रातल्या प्रखर क्ष-किरणांनी ती न कापता आतून पाहता येतात. पुंकेसरात परागकण दिसले की सुट्या कणाला झाड मिळतं. क्लॅव्हाटिपोलेनाइट्स हे सुटे कण असेच अमेरिकेतल्या पोटोमॅक थरांमधल्या एका जीवाश्म फळाच्या कुक्षीवर, म्हणजे परागकण झेलणाऱ्या टोकावर, चिकटलेले सापडले. मला हा पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो.

डीएनएच्या हिशोबांतून फुलझाडांचा उगम जुरासिकमध्ये किंवा त्याही आधी जातो. स्वित्झर्लंडमधल्या सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतूनही फुलझाडांसारखे कण नोंदले गेले आहेत. ते सुटेच आहेत. कुठल्या पुंकेसरात ते मिळेपर्यंत मी त्यांना फुलझाडाचे म्हणणार नाही.