पैजेला शर्त का म्हणता?

प्रश्न असा: दोन मित्र फुटबॉलच्या दोन प्रतिस्पर्धी संघांचे चाहते. हरेल त्याने दुसऱ्याच्या संघाची जर्सी दिवसभर घालून हिंडायचं, असं ठरलं. पैशांचा संबंध नाही. मग याला शर्त म्हणायचं, बेट म्हणायचं की पैज? आणि ती लावतात की मारतात?

पैज. पैसे नसतील तर अधिकच पैज.

‘शर्त लावली’ हे सरळ हिंदीतून उचललेलं आहे आणि आता इतकं कानावर येतं की वीट आला. अरबी ‘शर्त’ मराठीत आला तेव्हा आपण त्याला तीन रूपांत तीन कामं दिली. अटीला शर्त, धावण्याच्या चुरशीला शर्यत आणि जिवापाड प्रयत्नांना शर्थ. एवढी सोय झालेली असताना ती मोडायची कशाला? ‘बेट लावली’ तर नकोच. मराठीत बेट नपुंसकलिंगी, आणि लावायचंच असेल तर बांबूचं लावावं. सट्टा हा पैशांचा व्यवहार. साटंलोटं मधलं ‘साटं’, म्हणजे अदलाबदल, त्याच कुळातलं. जर्सीच्या पैजेत त्याचं काही काम नाही.

आता पैजेकडे. हा शब्द ‘पैसा’वरून किंवा ‘पण’वरून आला असं ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. ‘पण’ म्हणजे डावावर लावलेली वस्तू. ‘पणाला लावणे’ त्यातूनच आलं, आणि बाजाराशी नातं सांगणारा ‘पणन’ही त्याच धातूचा. पण ‘पण’मधल्या णचा ज कसा झाला, ते यातलं कोणीही सांगत नाही. पैज आली आहे ‘प्रतिज्ञा’वरून: प्रतिज्ञा, पइज्जा, पैज.

यावर ठरलेला आक्षेप असा की प्राकृतात ‘प्रति’चं ‘पडि’ होतं. प्रतिशब्दाचा पडसाद झाला, तशी प्रतिज्ञेची ‘पडज’ व्हायला हवी होती. नेहमी तसं होत नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हे अपवाद नोंदवून ठेवले आहेत, आणि त्यांत प्रतिज्ञा आहे, प्रतिष्ठानही आहे. प्रतिष्ठानाचं पइट्ठाण झालं आणि त्याचं पैठण. म्हणजे पैठण आणि पैज यांच्यातला ‘पै’ एकच! राहिला ज्ञ. त्याला प्राकृतात दोन वाटा होत्या, सर्वज्ञाचा सव्वण्णूही झाला आणि सव्वज्जही. पहिल्या वाटेने आज्ञेची ‘आण’ झाली, जी आपण शपथेसाठी घेतो. दुसऱ्या वाटेने पैज आली. एक शपथ, एक प्रतिज्ञा, दोन्ही ज्ञच्या पोटातून निघालेल्या.

म्हणूनच ‘परि अमृतातेंही पैजा जिंके’ या ज्ञानेश्वरीतल्या शब्दांचा ‘पैज लावून जिंकतील’ एवढाच अर्थ लावून थांबणं मला पटत नाही. अमृताशी डाव कोण मांडणार आणि काय लावून? त्याच ओवीत पुढे ‘मेळवीन’ आहे, आणि ते शब्द देणाऱ्याचं क्रियापद आहे. माझ्या मते तिथे प्रतिज्ञेचा मूळ अर्थ अजून जागा आहे. ‘पैजेचा विडा’ उचलणारा तरी काय करतो? चारचौघांत स्वतःला शब्दाने बांधून घेतो. जर्सीची पैजही तशीच, दिलेल्या शब्दावर उभी.

शर्त हा शब्द मात्र इथेच कामाला येतो, कारण पैज एक असली तरी तिच्या शर्ती अनेक असतात आणि भांडणं होतात ती शर्तींवरून. ‘अर्जेंटिना जिंकेल’ एवढंच बोलून मोकळे होणाऱ्यांनी 2022 च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवावी. फ्रान्सविरुद्ध निर्धारित वेळेत 2-2, जादा वेळेनंतर 3-3, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना 4-2. चषक अर्जेंटिनाचा, पण पैज निर्धारित वेळेपुरती असेल तर सामना बरोबरीत. तेव्हा 90 मिनिटं आणि पंचांनी वाढवलेला भरपाईचा वेळ धरायचा, की जादा वेळेची 30 मिनिटं आणि शूटआउटही, हे आधी ठरवा. लीगचा सामना असेल तर बरोबरीत पैज फिटली की पुढच्या सामन्यावर गेली, तेही बोलून घ्या. दोन लेगच्या, म्हणजे त्याच दोन संघांत दोन सामने होणाऱ्या, बाद फेरीत ‘आज कोण जिंकतं’ आणि ‘पुढे कोण जातं’ या दोन वेगळ्या पैजा आहेत. दुसरा लेग जिंकूनही एकूण गोलांवर बाहेर पडणारे संघ असतात. सामना अर्धवट थांबला तर काय, हे तर कोणीच ठरवत नाही. आणि जर्सी कोणी आणायची, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत घालायची, वरून जॅकेट चालेल का? जॅकेटची शर्त ठरवायची राहिली की हरलेला हमखास चेन वरपर्यंत ओढून बसतो.

लावणे आणि मारणे दोन्ही चालतं. ‘मारणे’ जास्त बोलण्यातलं, ‘लावणे’ लिहिण्यातही शोभतं. लिंग स्त्रीलिंगी, अनेकवचन पैजा.