म्यूच्या नोंदीत कोणाकोणाला बसवायचं?

प्रश्न : आम्ही तिघी शिक्षिका विज्ञानातल्या चिन्हांचा छोटा मराठी कोश करतोय. म्यू (μ) या ग्रीक अक्षरापाशी गाडी अडली आहे. मायक्रो, घर्षणांक, अपवर्तनांक, सरासरी, चुंबकीय पार्यता, म्यूऑन हा सूक्ष्म कण असे मोजता मोजता १७ अर्थ झाले. एक जण म्हणते सगळे घ्या, दुसरी म्हणते दहावीच्या पुस्तकातले तेवढेच घ्या. तुम्ही काय कराल?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : ताई, दोघींचंही ऐकू नका. आकडा आधी ठरवायचाच नाही.

लग्नाच्या मांडवात काही पाहुण्यांची ओळख यजमानच करून देतो. काही मात्र नुसतेच येऊन बसतात, आणि मग आपण शेजाऱ्याला हळूच विचारतो, 'हे कोण हो?' कोश म्हणजे तो शेजारी. गणिताच्या पुस्तकात 'समजा, म्यू ही धन संख्या आहे' असं लिहिलं असेल, तर ओळख तिथेच झाली. त्या म्यूला तुमच्याकडे जागा नको. ओळख न देता जो म्यू समोर येतो, त्याचीच नोंद. या चाळणीतून १७ चे आठ-नऊ उरतील.

हे मला शिकवलं किल्लारीच्या भूकंपानं. ३० सप्टेंबर १९९३ नंतर कित्येक महिने लातूरच्या आमच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. औसा तालुक्यातला एक मुलगा कुठूनसं कात्रण घेऊन आला. भूकंपाचं मोमेंट (त्याच्या ताकदीचं माप) म्हणजे म्यू गुणिले भेगेवर सरकलेल्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले सरकलेलं अंतर, असं त्यात छापलं होतं. म्यू म्हणजे काय, ते कुठेच नव्हतं. पोरगं म्हणालं, "सर, हे म्यू तेच हाय का, घर्षणाचं?" खडकावर खडक घासतोय म्हटल्यावर त्याचं चुकलं तरी कुठे? मीसुद्धा क्षणभर 'हो' म्हणणार होतो. मग एककं मांडून बघितली. घर्षणांकाला एकक नसतं. तो घातला तर मोमेंटचं एकक जुळेना. तो म्यू खडकाच्या दृढतेचा होता, म्हणजे आकार तिरका व्हायला खडक किती विरोध करतो त्याचा. तो पास्कलमध्ये मोजतात. पृथ्वीच्या कवचातल्या खडकांसाठी साधारण ३० गिगापास्कल धरतात. माझ्याकडच्या दोन्ही कोशांत हा अर्थ नव्हता. दहावीच्या पुस्तकातही नाही, पण आपल्या भागातल्या माणसाला तो लागतो. म्हणून घ्या. आणि प्रत्येक अर्थापुढे एकक लिहाच. व्याख्या कळली नाही तरी एककावरून वाचक आपला म्यू ओळखतो.

मायक्रो, म्हणजे दशलक्षांश, सगळ्यात वर. त्याच्याखाली नुसता म्यू म्हणजे मायक्रॉन (मीटरचा दशलक्षांश), हा अर्थ 'जुना' अशी खूण करून ठेवा. १९६७-६८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ते चिन्ह रद्द केलं, पण वाचनालयातली जुनी जीवशास्त्राची पुस्तकं कुणी रद्द केली नाहीत. शब्द तर भाजीबाजारातही जिवंत आहे : प्लॅस्टिकची पिशवी आधी ७५ मायक्रॉनची हवी होती, २०२२ च्या अखेरीपासून १२० ची.

अपवर्तनांकाबद्दल परदेशी याद्यांवर विसंबू नका. तिकडे त्याला बहुधा एन म्हणतात, म्हणून म्यूखाली तो सापडणारच नाही. आमच्या पिढीनं मात्र भिंगाचं सूत्र 'म्यू वजा एक' असंच घोकलं. सरासरी घ्या, पण ती अख्ख्या समष्टीची, नमुन्याची नव्हे, एवढं बजावा. घर्षणांक, पार्यता यांवर वाद नाही. म्यूऑनला एक ओळ पुरे, त्याची कहाणी त्याच्या स्वतःच्या नोंदीत.

आता छपाईचं. माझ्या एका पुस्तिकेचं प्रूफ आलं, त्यात मायक्रोग्रॅमचे सगळे मिलिग्रॅम झालेले! जुन्या सिम्बॉल फाँटमध्ये म्यू हा इंग्रजी एमच्या कळीवर बसतो. ऑपरेटरनं सगळ्या मजकुराचा फाँट एकदम बदलला आणि म्यूचा एम झाला. औषधाच्या मात्रेत हा हजारपट फरक. म्हणून तर थायरॉइडच्या गोळ्यांच्या पाकिटावर म्यू टाळून 'एमसीजी' छापतात. नोंदीत हेही लिहा. शिवाय संगणकात म्यू दोन असतात, एक मायक्रोचं चिन्ह आणि एक ग्रीक अक्षर. दिसायला सारखे, पण आतून दोघांचे क्रमांक वेगळे. एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. प्रूफ तपासताना दोन्ही शोधा, आणि मात्रेचे आकडे तिघींपैकी एकीनं मूळ हस्तलिखिताशी ताडून बघा.