वाचकांचे प्रश्न : सुभेदार मेला, पण कुणाला काहीच वाटलं नाही

प्रश्न : आम्ही चौघे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून पाच लेव्हलचा शूटर गेम करतो आहोत. तुकडीत नायक धरून सहा जण आहेत. तिसऱ्या लेव्हलच्या शेवटी सुभेदार मारला जातो. त्याआधी दोन मिनिटांच्या कटसीनमध्ये (खेळ थांबवून दाखवलेल्या दृश्यात) तो आपल्या गावाबद्दल, मुलीबद्दल बोलतो. खेळून पाहणारे बहुतेक जण तो सीन स्किप करतात. सुभेदाराची पूर्वकथा आणखी वाढवावी का?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : वाढवू नका. उलट तो कटसीन वीस सेकंदांवर आणा. शूटर खेळताना डोक्यात तीनच गोष्टी चालू असतात : शत्रू कुठे आहे, गोळ्या किती उरल्या, आडोसा कुठे मिळेल. यांपैकी एकाही गोष्टीशी सुभेदाराचा संबंध नसेल, तर त्याची मुलगी कितीही गोड असो, तो खेळणाऱ्याच्या लेखी नसतोच.

म्हणून त्याला आधी काम द्या. समजा, गोळ्या एका मॅगझिनपेक्षा कमी झाल्या की सुभेदार स्वतःहून जवळ येतो आणि मॅगझिन हातात देतो. पहिल्या दोन लेव्हलमध्ये हे आठ-दहा वेळा घडू द्या. तिसऱ्या लेव्हलमध्ये तो एकदाच देतो, तेही स्वतःच्या बंदुकीतलं काढून. चौथ्या लेव्हलच्या पहिल्याच चकमकीत मुद्दाम गोळ्या कमी ठेवा. खेळणारा सवयीने मागे वळून बघेल, आणि जे कटसीनला जमलं नाही ते तिथे होईल. फक्त वीस-तीस मीटरवर दारूगोळ्याची एक पेटी ठेवा, नाहीतर दुःखाऐवजी तुमच्या लेव्हल डिझाइनचाच राग येईल.

यात बिघडतं कुठे, तेही सांगतो. मॅगझिन देण्याचं अॅनिमेशन एका सेकंदापेक्षा लांबलं किंवा त्याने कॅमेरा धरून ठेवला, तर भर लढाईत सुभेदार अडचण वाटतो. तो दारात अडकून वाट अडवत असेल, तर त्याला ढकलून पुढे जाता आलं पाहिजे. फार मागे राहिला असेल, तर नजरेआडच उचलून जवळ आणा. त्याच्या गोळ्यांनी शत्रू भराभर मरत असतील तर खेळणारा रिकामा बसतो, एकही मरत नसेल तर सुभेदार म्हणजे नुसतं ओझं. त्याच्या गोळ्यांची मारक शक्ती कमी ठेवा, पण त्या झडू लागल्या की शत्रूचा नेम बिघडू द्या.

२०१६च्या टायटनफॉल २ या शूटर गेममध्ये हे फार सुंदर साधलं आहे. बीटी नावाचा महाकाय यंत्रमानव नायकाला हाताने उचलून दरीपलीकडे फेकतो. आधी ही फक्त पलीकडे पोचायची युक्ती असते. शेवटी नायकाला वाचवण्यासाठी तो त्याला तसंच फेकतो आणि स्वतः मागे राहतो. ते कळायला वेगळं भाषण लागत नाही.

आता गावाबद्दलचं बोलणं. ते खेळातच आणा, पण गोळीबारात नको, तिथे ते ऐकूच येत नाही. चकमक संपल्यावर, जिना चढताना, दार फोडताना बोलू द्या. वाट आधी मोजा : खेळणारा सेकंदाला पाच मीटर धावत असेल, तर बारा सेकंदांच्या वाक्यासाठी साठ मीटर शांत रस्ता हवा. शत्रू दिसला तर वाक्य तोडा आणि नंतर ते पूर्ण वाक्य पहिल्यापासून घ्या, तुटलेल्या शब्दापासून नव्हे.

आणि सहा जण फार होतात. तिघेच ठेवा.

प्रश्न : नायक मुका असला की कथा कमकुवत होते का?
– एक वाचक, निगडी

उत्तर : नाही. हाफ-लाइफ २ या शूटरमधला (२००४) नायक गॉर्डन फ्रीमन एक शब्दही बोलत नाही. त्याच्या आसपासचे लोक त्याच्याकडे बघून बोलतात, त्यामुळे त्याची साथीदार अॅलिक्स मात्र जिवंत वाटते. पुढच्या एपिसोड वनमध्ये (२००६) अंधारात तुम्ही टॉर्च मारायचा आणि तिने गोळी झाडायची, अशी जोडी जमते. खरं नुकसान होतं ते नायक सारखा बदलल्याने. एका लेव्हलला हा शिपाई, पुढच्याला तो, असं झालं की कुणाशीच नाळ जुळत नाही.

प्रश्न : आमच्या गेममध्ये साथीदार ‘रीलोड करतोय!’ हेच सतत ओरडतात. कंटाळा येतो. काय करावं?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : प्रत्येक प्रसंगासाठी किमान आठ वाक्यं लिहा. नुकतीच ऐकवलेली तीन लगेच पुन्हा येऊ देऊ नका. एका पात्राच्या दोन वाक्यांत पंधरा सेकंदांचं अंतर ठेवा, जीव वाचवणारा इशारा तेवढा अपवाद. मग कथेनुसार तीन संच करा : सुरुवातीचा शिस्तीचा, मधला दमलेला, शेवटचा तुटलेला. २०१२च्या स्पेक ऑप्स : द लाइन या गेममध्ये नायकाचे लढाईतले हुकूम असेच हळूहळू रानटी होत जातात. हिशेब मात्र आधी करा : समजा, सहा प्रसंग, आठ वाक्यं, तीन संच म्हणजे एका पात्राची १४४ वाक्यं. सहा पात्रांची ८६४ होतात, तिघांची ४३२. कर्वेनगरच्या मित्रांनीही हा आकडा बघावा.

आवाजासाठी पुण्यात लांब जावं लागत नाही. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेत उतरणारी मुलं बऱ्याच कॉलेजांत भेटतील. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते आणि माइकवर ते खोटं वाटतं, म्हणून हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलतोय असं बोलायला सांगा. पंखा बंद, माइक वीतभर लांब, रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली चांगली, कारण आवाज घुमत नाही. ओरडायची वाक्यं सगळ्यात शेवटी घ्या, कारण घसा बसला की शांत संवाद पुन्हा घेता येत नाहीत. त्या वेळी माइक हातभर लांब सरकवा आणि रेकॉर्डिंगची पातळी उतरवा, नाहीतर आवाज फाटेल.