जपानी आरपीजींच्या लढाया गाळून नुसती कथा यूट्यूबवर पाहिली तर चालेल का?

चालणार नाही. तुम्ही विचारले आहे की फायनल फँटसी, ड्रॅगन क्वेस्ट, पर्सोना आणि झेनोब्लेड या जपानी आरपीजींत, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ खेळांच्या मालिकांत, कथा कोणाची सरस आणि लढाई कोणाची सरस. आणि त्याला जोडून असेही लिहिले आहे की विरार ते चर्चगेट रोजची ये-जा करून घरी आल्यावर पाळीपाळीने वार करत बसण्याइतका वेळ आणि उत्साह उरत नाही, तेव्हा सगळे कटसीन, म्हणजे खेळात मधूनमधून येणारे नुसते पाहायचे कथाप्रसंग, सलग जोडलेले व्हिडिओ पाहून कथांची तुलना करता येईल का. पहिल्या भागावर इथे पुष्कळ जण लिहितील. मला दुसऱ्या भागाबद्दल बोलायचे आहे, कारण नेमका हाच वाद मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाशी गेली कित्येक वर्षे घालत आलो आहे.

चांगल्या जपानी आरपीजीत कथा आणि लढाई ही दोन वेगळी खाती नसतात. कथेतल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी लढाईच्या पडद्यावर घडतात आणि कटसीन बहुतेक वेळा त्यांचा खुलासा तेवढा करतात. लढाया कापून टाकलेला व्हिडिओ पाहणे म्हणजे संगीत नाटकातली सगळी पदे गाळून गद्य प्रवेश तेवढे पाहणे आहे. कथानक समजेल, पण प्रेक्षक रात्र रात्र का जागत असत ते समजणार नाही.

1991 सालचा फायनल फँटसी फोर घ्या. सेसिल हा काळ्या तलवारीचा सरदार आपल्या पापांतून सुटण्यासाठी एका डोंगरावर चढतो. त्या डोंगरावरचे शत्रू मृतात्मे आहेत आणि त्यांच्यापुढे त्याची काळी तलवार फारशी चालत नाही, त्यामुळे आतापर्यंत आपला भरवशाचा असलेला नायक त्या चढणीवर निरुपयोगी होत गेल्याचे खेळणाऱ्याला हातांनीच जाणवते. शिखरावर तो पॅलाडिन, म्हणजे पवित्र योद्धा, होतो आणि त्याची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, पुन्हा एकपासून सुरू होते. मग समोर उभे राहते त्याचेच जुने काळे रूप. त्या लढाईत जिंकण्याचा मार्ग एकच आहे : वार करायचा नाही. बचाव घेऊन उभे राहायचे आणि समोरच्याचे वार सोसायचे. खेळाच्या सुरुवातीपासून जे एक बटण दाबण्याची सवय लागलेली असते, ते बटण न दाबणे हाच त्या माणसाचा पश्चात्ताप आहे. याच खेळातला म्हातारा जादूगार टेला मुलीच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी मेटिओ हा मंत्र शोधत असतो. त्याच्या एमपीची, म्हणजे जादूसाठी खर्च होणाऱ्या शक्तीची, कमाल मर्यादा 90 आहे आणि त्या मंत्राला 99 लागतात. हे दोन आकडे ज्याने मेनूमध्ये पाहिले आहेत, त्याला टेलाचा शेवट त्याच क्षणी कळलेला असतो. व्हिडिओ पाहणाऱ्यासमोर हे आकडे कधी येतच नाहीत.

दादाशी वाद सुरू झाला तो मात्र फायनल फँटसी टेनवरून. हा खेळ प्लेस्टेशन टूवर 2001 साली आला आणि आमच्या विक्रोळीच्या घरी बऱ्याच उशिराने पोहोचला. घरात टीव्ही एकच होता आणि संध्याकाळी त्यावर आईच्या मालिकांचा हक्क होता, त्यामुळे खेळायचे ते रात्रीची जेवणे आटोपल्यावर, आवाज अगदी बारीक करून. दादाला कथा हवी असे, लढाया नको असत. तो पलंगावर आडवा होऊन वर्तमानपत्र वाचत पडायचा आणि आधीच सांगून ठेवायचा, "मारामारी संपली की हाक मार." मी इमानाने हाक मारत असे, आणि तोही इमानाने वर्तमानपत्र बाजूला ठेवून कटसीन पाहत असे. म्हणजे तुम्ही आज यूट्यूबवर जे करू पाहता, ते दादाने आमच्या घरी माझ्या श्रमांवर करून दाखवले आहे.

त्या खेळाची कथा थोडक्यात अशी. स्पायरा नावाच्या जगाला सिन नावाचा महाकाय राक्षस छळतो आहे. युना ही तरुणी त्याला मारण्यासाठी यात्रेला निघाली आहे आणि यात्रेच्या शेवटी सिनबरोबर तीही मरणार आहे. तिच्या रक्षकांना हे ठाऊक आहे. फक्त टीडसला, म्हणजे खेळणाऱ्याला, ते कोणी सांगितलेले नाही. एवढे सगळे दादाने पाहिले. त्याने जे पाहिले नाही ते लढाईत होते. तिथे पुढची पाळी कोणाची हे पडद्याच्या कडेला सतत दिसत असते, घाई कसलीच नसते आणि लढता लढता माणसे बदलता येतात. उडणाऱ्या शत्रूंसाठी वाक्काचा चेंडू, जाड कवचाच्या शत्रूंसाठी ऑरॉनची तलवार, जादूने मरणाऱ्यांसाठी लुलू, अशी प्रत्येकाची कामे ठरलेली आहेत. परंतु प्रसंग बिकट झाला की सगळे येऊन थांबते ते युनापाशी. जखमा तीच भरते आणि एऑन नावाची महाशक्ती तीच बोलावते. एऑन आला की बाकीचे सगळे मैदानातून बाजूला होतात आणि समोरचा घाव तो एकटा झेलतो. बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, मोठा हल्ला करणार असे दिसले की मी युनाला पुढे करून एऑन बोलावत असे, म्हणजे तो मरेल आणि माझी माणसे वाचतील. स्पायरातले लोक युनाशी जे वागतात तेच मी रोज रात्री वागत होतो, आणि हे मला कुठल्याही कटसीनमध्ये कोणी पात्राने समजावून सांगितले नव्हते.

युनाचा पहिला एऑन म्हणजे व्हेलेफोर, एक प्रचंड पक्षी. त्याला आपल्या मनाचे नाव देता येते. मी गमतीने त्याचे नाव चिमणी ठेवले. या चिमणीने पुढे किती घाव माझ्याऐवजी झेलले याचा हिशेब नाही. शेवटच्या रात्री टीडसच्या वडिलांशी, जेक्टशी, लढाई होते. तो राक्षस झालेला असतो, आणि त्या लढाईत आदेशांच्या यादीत वार आणि जादू यांच्याबरोबर टीडससाठी 'बोल' असाही एक आदेश येतो. मुलगा बोलला की बापाचा मोठ्या हल्ल्यासाठी भरत आलेला मापक रिकामा होतो. दादा तेव्हा वर्तमानपत्रात होता. त्यानंतर सिनच्या मागची शक्ती असलेला यु येवॉन एऑनांचा ताबा घेत जातो आणि खेळ सांगतो की आता एकेकाला बोलवा आणि एकेकाला मारा. चिमणीला मी शेवटपर्यंत मागे ठेवले. या संपूर्ण टप्प्यात आपली माणसे पडली की आपोआप उठतात, त्यामुळे हरणे जवळजवळ अशक्य असते. पुष्कळ जण याला खेळातला दोष मानतात आणि म्हणतात की शेवटची लढाई फारच सोपी झाली. मला ती त्या खेळातली सर्वोत्तम लढाई वाटते. तिच्यात कौशल्याला काही वाव नाही. आजवर जे आपल्यासाठी मरत आले त्यांना आपल्याच हाताने संपवायचे, एवढेच तिच्यात आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

ती आटोपल्यावर मी ठरल्याप्रमाणे हाक मारली. दादाने उठून शेवट पाहिला, युनाचे नृत्य पाहिले, टीडस विरून जाताना पाहिला आणि म्हणाला, "एवढ्या रात्री जागून हे? रडवायचं म्हणून रडवलंय." मी उत्तर दिले नाही, कारण चिमणीला मारून फार वेळ झाला नव्हता. तेव्हापासून दर गणपतीला सगळे जमले की दादा हे वाक्य कोणत्या ना कोणत्या निमित्ताने ऐकवतो आणि वर सांगतो की या खेळांतल्या लढाया म्हणजे छोटी गोष्ट लांबवण्याची युक्ती आहे. ज्याने कथेचा अर्धा भाग वर्तमानपत्राआड घालवला, त्याला ती कथा ओढूनताणून रडवणारी वाटली यात नवल काहीच नाही.

त्याचा दुसरा मुद्दा तुमच्या प्रश्नातही डोकावतो, तो असा की पाळीपाळीने लढणे ही जुन्या यंत्रांची लाचारी होती आणि आता तिची गरज उरलेली नाही. हे चूक आहे. 1986 साली ड्रॅगन क्वेस्ट करताना युजी होरी यांनी लढाईची रीत विझर्ड्री या अमेरिकी खेळावरून घेतली आणि नकाशावर फिरण्याची रीत अल्टिमावरून. अशी निवड करणाऱ्याला लाचार म्हणत नाहीत. सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावरच 1993 साली सेइकेन देन्सेत्सु टू आणि 1995 साली टेल्स ऑफ फँटेशिया असे प्रत्यक्ष वेळेत, म्हणजे पाळीची वाट न पाहता, लढायचे खेळ आले होते, म्हणजे यंत्राला ते जमत होते. उलट याकुझा मालिका वर्षानुवर्षे हाणामारीची होती, आणि 2020 साली तिने पाळीपाळीची लढाई मुद्दाम स्वीकारली, कारण तिचा नवा नायक इचिबान ड्रॅगन क्वेस्टवर वाढलेला आहे आणि रस्त्यावरची भांडणेही त्याला तशीच दिसतात. लढाईची रीत ही पात्राचा स्वभाव होऊ शकते, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

आता तुमच्या तुलनेबद्दल, जमेल तेवढे. झेनोब्लेडमध्ये शुल्क नावाच्या नायकाला मोनाडो तलवारीमुळे भविष्य दिसते, आणि ते लढाईतही दिसते : कोणावर किती मोठा घाव पडणार हे आधी कळते आणि तो टाळण्यासाठी काही क्षण मिळतात. चारांपैकी कथा आणि लढाई यांची सांगड सर्वांत घट्ट तिथे आहे. पर्सोना फाइव्हची लढाई मला फार आवडते, मैत्री वाढली की लढाईतही नवी ताकद मिळते ही कल्पना उत्तम आहे, परंतु त्यातली पात्रे ठरलेला बेत आधी प्रत्यक्ष, मग फोनवर आणि मग पुन्हा प्रत्यक्ष समजावत बसतात, आणि तिथे व्हिडिओ पुढे ढकलण्याची तुमची इच्छा मी समजू शकतो. 2023 सालचा फायनल फँटसी सिक्स्टीन दिसायला भव्य आहे, दादाला तो अतिशय आवडला, आणि माझ्या मते त्याची कथा आणि लढाई यांची एकमेकांशी ओळखच झालेली नाही. गुलामगिरी मोडण्यासाठी सगळे मिळून लढत असल्याचे कथा सांगते आणि हातात कारभार जवळजवळ एकट्या नायकाचा, क्लाइव्हचा, असतो. फायनल फँटसी सेव्हनमध्ये नायकाची सोबतीण एरिथ मरते तो प्रसंग तुम्ही पाहिला असेलच, पण तिच्या मृत्यूनंतर लगेच जी लढाई येते तीत नेहमीचे बॉसचे संगीत वाजत नाही, एरिथचीच धून चालू राहते, हे लढाया गाळणाऱ्या व्हिडिओत तुटून जाते.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. वाटेत अवचित येणाऱ्या शेकडो किरकोळ लढायांपैकी बहुतेकांना कथेत काही जागा नसते, आणि जुन्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये लेव्हल वाढवण्यासाठी त्याच त्या शत्रूंना मारत फिरणे कंटाळवाणे आहे हे दादाचे म्हणणे खरे आहे. त्यावर उपायही आहे. फायनल फँटसी टेनच्या पीसीवरच्या आवृत्तीत या लढाया बंद करता येतात आणि वेगही वाढवता येतो, मोठ्या लढाया तशाच राहतात. ज्यांना हातांच्या त्रासामुळे खेळताच येत नाही, त्यांनी व्हिडिओ जरूर पाहावेत. माझा आक्षेप तुमच्या-आमच्यासारख्या धडधाकट लोकांपुरता आहे. आणि हो, वर मी बऱ्याच खेळांचे शेवट सांगून टाकले आहेत.

प्रवासाची अडचण मला खरी अडचण वाटत नाही. पाळीपाळीचा खेळ तुमच्या आदेशासाठी थांबून राहतो, त्यामुळे तो लोकलमध्ये जितका सोयीचा आहे तितका दुसरा कोणताही नाही. फक्त फायनल फँटसी फोर गाडीत सुरू करू नका. त्यात तुम्ही विचार करत असताना शत्रूची पाळी भरत असते. ड्रॅगन क्वेस्ट फाइव्ह फोनवर घ्या. तो उभ्या पडद्यावर एका हाताने खेळता येतो, म्हणजे विरारला बसायला मिळाले नाही तरी दुसरा हात कडीला धरायला मोकळा राहतो. त्यात नायकाचे बालपण संपते ती लढाई फार लांब नाही : पोटच्या मुलाच्या गळ्याशी शस्त्र आहे म्हणून नायकाचा बाप पँक्राझ समोरच्यांचे घाव खात राहतो आणि हात उचलत नाही. हे सगळे लढाईच्याच पडद्यावर, एकामागून एक येणाऱ्या साध्या ओळींत घडते. तिथवर स्वतः खेळा आणि मग ठरवा. त्यानंतरही लढाया म्हणजे फुकटची भर आहे असेच वाटले, तर तुमचे आणि दादाचे उत्तम जमेल.