एसी १८ वर, २६ वर, की सरळ कूलर?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नागपुरात मनीषनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट, नवा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. सासरे म्हणतात १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते, मिस्टर २६ च्या खाली जाऊ देत नाहीत, मुलगा एसीसोबत कूलरही लावतो. शिवाय ३०० युनिट ओलांडले की सगळं बिल चढ्या दरानं येईल, ही धास्ती.

आधी सासऱ्यांचं. खोली ३८ अंशांवर तापलेली असेल तर १८ लावा की २४, कॉम्प्रेसर सुरुवातीला सारख्याच जोरानं पळतो. खोली लवकर गार होत नाही. फरक नंतर पडतो. २४ गाठलं की इन्व्हर्टर मंदावतो आणि वीज कमी खातो. दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावर असताना मे महिन्यात १८ मात्र गाठलंच जात नाही, मशीन रात्रभर धापा टाकत राहते. २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी कारखान्यातूनच २४ वर ठेवून येतात, ते याच कारणानं. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई (केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो) सांगते. २६ वर ठेवून पंखा हळू चालवा, मिस्टरांचं बरोबर आहे. गच्चीवर चुन्याचा हात मारता आला तर उत्तमच.

मुलाला मात्र आजच थांबवा. कूलर आणि एसी एकमेकांच्या उलट काम करतात. कूलर हवेत पाणी सोडून ती गार करतो, एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो. दोन्ही एका खोलीत लावून एसीच्या पाइपाखाली बादली ठेवून बघा. थेंब थेंब पडणारं पाणी धारेनं येऊ लागतं. ते तुमच्याच कूलरचं पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषली जाते आणि एसी त्याच वाफेचं पुन्हा पाणी करतो तेव्हा ती सगळी उष्णता त्याला खोलीबाहेर फेकावी लागते. म्हणजे कूलरची कमाई पुसायला तुम्ही वीज भरता.

खरं तर नागपूरच्या कोरड्या उन्हासाठी कूलरसारखं यंत्र नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्या नीट भिजत असतील आणि समोरची खिडकी उघडी असेल तर ४३ ची हवा आत तिशीच्या खाली येते. खिडकी बंद ठेवलीत तर दमट हवा कोंडते आणि चिकचिक होते. लोक मग कूलरला नावं ठेवतात. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरला, मृगाचे ढग दाटले की कूलरचा जीव संपतो. एसीची खरी गरज तेव्हा, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात.

आता पैसे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला साधारण दीड युनिट घेतो. रोज आठ तास धरले तर महिन्याला ३६०. मोठा कूलर टुल्लू पंपासकट २०० वॅटचा धरा, तेवढ्याच तासांत ४८. ३०० युनिटांची धास्ती मात्र काढून टाका. महावितरणच्या बिलात १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० असे टप्पे असतात आणि चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. ३१० झाले तर दहाच युनिट महाग, आधीचे ३०० आपापल्या दरानं. बिलाच्या मागच्या बाजूला हा हिशेब ओळीनं छापलेला असतो, सासऱ्यांसोबत बसून एकदा वाचा. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्कही दिसेल. प्रति युनिट दर बघताना लोक तेच विसरतात.

म्हणून माझं मत : पावसाळा येईपर्यंत दिवसा कूलर, रात्री फारच असह्य झालं तर कूलर बंद करून एसी २६ वर.

आणि कूलर लावणार असाल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बॉडी पत्र्याची, खाली ओली फरशी, आणि पाण्यात बुडालेला पंप. आपल्याकडे दर उन्हाळ्यात यानंच माणसं जातात. टाकं भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा, आणि मुलाला ते काम चप्पल घातल्याशिवाय करू देऊ नका.