चित्रात बाई कुठंय?

गेल्या अंकात प्रजनन हक्कांवर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत चित्र, पोस्टर, भरतकाम करणाऱ्यांची पत्रं बरीच निघाली, म्हणून या वेळी तीच एकत्र घेतलीयेत. पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : ताई, मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुरक्षित गर्भपाताच्या हक्कावर पोस्टरांची सिरीज करतेय. गाईड म्हणतात इम्पॅक्ट पाहिजे, रक्त दाखव, तारेचा हँगर दाखव. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगता येत नाही. काय करू?

उत्तर : तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे गं. आधी हँगरचं बघू. जिथं कायद्याने वाट बंद केली होती तिथं बायकांनी नाइलाजाने स्वतःच्याच शरीरात तार घालून गर्भ पाडायचा प्रयत्न केला, त्यात जीव गेले, म्हणून तो हँगर निषेधाची खूण झाला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना तो बघताक्षणी कळतो. पण तुझं पोस्टर बघणार कोण? मी काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यासाठी पोस्टर केलं होतं, त्यात हँगरच होता, मला ते फार दमदार वाटलेलं, आणि तिथल्या नर्सबाईंनी ते बघून एवढंच विचारलं की आमच्याकडे येणारी आधीच घाबरलेली असते, तिला दारातच हे दिसलं तर ती आत येईल का? मी ते पोस्टर परत घेतलं. वेळेत, योग्य गोळ्यांनी किंवा प्रशिक्षित हातांनी केलेला गर्भपात सुरक्षित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला साधारण ७ कोटी ३० लाख गर्भपात केले जातात आणि त्यातले ४५ टक्के असुरक्षित असतात, म्हणजे धोका आहे तो कुठे, कुणाकडून, किती लपूनछपून करावा लागतो त्यात. हँगरने नेमकं उलटं पोचतं, की अबॉर्शन म्हणजेच रक्त आणि मरण. कायदा करणाऱ्यांच्या दारात मोर्चा नेशील तेव्हा हँगर जरूर धर, दवाखान्याच्या किंवा कॉलेजच्या भिंतीवर नको.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एप्रिल १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर स्वीडिश फोटोग्राफर लेनार्ट निल्सन यांनी काढलेला १८ आठवड्यांच्या गर्भाचा फोटो आला. काळ्या अंधारात एकटंच तरंगणारं बाळ, एखाद्या अंतराळवीरासारखं. त्या मालिकेतले बहुतेक गर्भ खरंतर शरीराबाहेर काढलेले होते, मासिकानेही तसं छापलं होतं, पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते चित्रच. आणि त्या चित्रात बाई नाहीये! जिच्या रक्तावर ते वाढतं ती कुठेच नाही. पुढे गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी असलीच चित्रं बॅनरवर घेतली, आणि आजही बातम्यांत बघ, गर्भपाताच्या बातमीला हमखास भरल्या पोटाचा फोटो लावतात, तोही मानेच्या वरचा भाग कापलेला. बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांतच होतात, तेव्हा पोट दिसतही नाही.

याला चित्रातूनच उत्तर दिलं ते पोर्तुगीज चित्रकार पॉला रेगो यांनी. १९९८ साली पोर्तुगालमध्ये गर्भपात कायदेशीर करावा का यावर सार्वमत झालं, मतदानाला लोकच फारसे आले नाहीत आणि थोडक्या फरकाने नकार मिळाला. रेगो संतापल्या, आणि त्या संतापातून त्यांनी मोठमोठी पेस्टल चित्रं काढली. लपून केलेल्या गर्भपाताच्या वेळच्या मुली, बायका. एक शाळेच्या गणवेशातली आहे. बादली आहे, खाट आहे, वेदना आहे, पण रक्त नाही, गर्भ नाही, आणि त्यातल्या काही जणी सरळ तुमच्याकडे बघतात. ती नजर चुकवता येत नाही. नंतर त्यांनी यांचीच एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून घेतलेले छाप, केली, कारण एका चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि जास्त लोकांपर्यंत जातात. २००७ च्या दुसऱ्या सार्वमतात होकार आला आणि १० आठवड्यांपर्यंतचा गर्भपात तिथं कायदेशीर झाला.

गाईडना बार्बरा क्रूगर यांचं १९८९ चं पोस्टरही दाखव, वॉशिंग्टनच्या मोर्चासाठी केलेलं. एका बाईचा समोरून चेहरा, अर्धा पॉझिटिव्ह अर्धा निगेटिव्ह, त्यावर लाल पट्ट्यांत पांढरी अक्षरं, अर्थ असा की तुझं शरीर हे रणांगण आहे. रक्ताचा थेंब नाही आणि इम्पॅक्ट कमी पडलाय असं कुणी म्हणणार नाही. तुझं पोस्टर झालं की भिंतीवर लाव, दहा पावलं मागे जा आणि बघ, चित्रात बाई कुठंय.

प्रश्न : मी वकील आहे. या चळवळींबद्दल आदर आहेच, पण प्रामाणिकपणे विचारतो, रुमाल आणि भिंतीवरच्या चित्रांनी कायदा बदलतो का?

उत्तर : एकट्या चित्राने नाही बदलत, आणि तसं मी म्हणणारही नाही. पोलंडमध्ये ओला यासिओनोव्स्का या डिझायनरने केलेली लाल विजेची खूण २०२० मध्ये घराघरांच्या खिडक्यांत, मास्कवर, गालांवर दिसत होती, लाखो लोक रस्त्यावर होते, तरी संविधान न्यायालयाचा गर्भपात जवळपास बंद करणारा निकाल काही मागे गेला नाही. हे मला आजही लागतं.

पण अर्जेंटिनाचं बघा. तिथं हुकूमशाहीत गायब झालेल्या मुलांना शोधणाऱ्या आया १९७७ पासून पांढरा रुमाल डोक्याला बांधून चौकात उभ्या राहायच्या, तो रुमाल सगळ्या देशाला माहीत होता. २००३ मध्ये रोसारिओ शहरातल्या बायकांच्या मेळाव्यात तोच तिकोनी रुमाल हिरवा होऊन आला. त्यावरची घोषणा नुसती गर्भपाताची नाही, ठरवता यावं म्हणून लैंगिक शिक्षण, गर्भपाताची वेळ येऊ नये म्हणून गर्भनिरोधकं, आणि मरू नये म्हणून कायदेशीर गर्भपात, असे तिन्ही हक्क एका कापडाच्या तुकड्यावर. २०१८ ला सिनेटने विधेयक फेटाळलं, ३८ विरुद्ध ३१. रुमाल कुणी कपाटात ठेवले नाहीत. ३० डिसेंबर २०२० ला कायदा झाला, १४ आठवड्यांपर्यंत. मधल्या काळात काय झालं असेल तर मला वाटतं हे, की बॅगेला हिरवा रुमाल बांधलेली मुलगी बसमध्ये चढायची आणि दुसरी तशीच दिसायची, दोघी एक अक्षर न बोलता समजायच्या की मी एकटी नाहीये. ज्या विषयावर घरात तोंड उघडता येत नाही तिथं हे केवढं मोठं आहे! कोर्टातल्या युक्तिवादाला जी जमीन लागते ती अशी तयार होते.

आयर्लंडमध्येही मेसर या कलाकाराने २०१६ ला डब्लिनच्या एका कलाकेंद्राच्या भिंतीवर लाल हृदय रंगवलं, आठवी घटनादुरुस्ती, म्हणजे तिथं गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आणणारी, रद्द करा असं लिहिलेलं. परवानगीचा मुद्दा काढून ते पुसायला लावलं, २०१८ ला परत रंगवलं, परत पुसायला लावलं. तोवर ते बॅजवर आणि टीशर्टवर गेलेलं होतं. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी दुरुस्ती रद्द करायला होकार दिला. त्याच दिवसांत मूळची भारतातली डेंटिस्ट सविता हलप्पनवार, जिला २०१२ मध्ये तिथं गर्भपात नाकारला गेला आणि जी त्यात गेली, तिच्या चेहऱ्याचं भित्तिचित्र डब्लिनमध्ये होतं आणि त्यावर लोकांनी माफीच्या, आभाराच्या शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या चिठ्ठ्या पुढे जपून ठेवल्या गेल्या.

आणि वकील म्हणून तुम्हाला हेही आवडेल. डच डॉक्टर रेबेका गोम्पर्ट्स, ज्या कलाशाळेतही शिकल्यात, त्यांनी एका शिपिंग कंटेनरमध्ये दवाखाना करून घेतला, तो जहाजावर चढवता येतो. आंतरराष्ट्रीय समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा लागू होतो, म्हणून बंदी असलेल्या देशातल्या बाईलाही तिथं कायदेशीर गर्भपात मिळू शकतो, त्यावरच सगळी कल्पना उभी. तो कंटेनर डिझाइन केला एका शिल्पकाराच्या स्टुडिओने. २००१ मध्ये त्या पहिल्यांदा गेल्या त्या आयर्लंडलाच.

प्रश्न : आमचा सात जणींचा भरतकामाचा ग्रुप आहे. मैत्रिणींचे अनुभव कापडावर उतरवून प्रदर्शन करायचंय. कुणाचा गर्भपात, कुणाला पाळणा हलला नाही म्हणून ऐकावे लागलेले बोल, एकीवर तर मूल नको म्हणून ऑपरेशनचा दबाव. नावं देणार नाही. एवढं पुरे का?

उत्तर : नाव न दिल्याने ओळख लपत नाही हो. गाव, वय, नवऱ्याचा धंदा, दोन मुलींनंतरचं तिसरं, एवढ्यावर घरचे लोक बरोबर ओळखतात. तपशील बदला आणि बदललेला मजकूर जिचा आहे तिला वाचून दाखवा. तिने आधी हो म्हटलं असलं तरी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नको म्हणाली तर ते कापड गुपचूप काढून तिला द्या, कारण विचारू नका.

ऑपरेशनचा दबाव तुम्ही यात घेताय ते फार चांगलं करताय. प्रजनन हक्क म्हटलं की सगळे गर्भपातावरच थांबतात, पण मूल हवं असताना ते होऊ देणं, आणि कुणी जबरदस्तीने कूस बंद न करणं, हाही तितकाच हक्क आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९९४ मध्ये प्रजनन न्याय हा शब्द काढला तो यासाठीच. डिझाइन इथं उलट्या बाजूनेही काम करतं हे लक्षात असू द्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण १९६० च्या दशकातला, कुटुंबनियोजन खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांच्या काळातला, वाचता न येणाऱ्यालाही कळेल इतका सोपा, इतर देशांनीही घेतला, डिझाइन म्हणून उत्तमच. पण आणीबाणीत त्याच कार्यक्रमाखाली सक्तीच्या नसबंद्या झाल्या. चिन्ह सोपं असणं वेगळं आणि निवड तिच्या हातात असणं वेगळं.

प्रदर्शनात शेवटी एक टेबल, सुई-दोरा आणि कोरे तुकडे ठेवा. ज्यांना बोलायचं नसतं त्या टाका घालत बसतात. आणि खरी मदत कुठे मिळते त्याचा एक साधा कागद, घडी करून पर्समध्ये मावेल असा.

प्रश्न : मी पुरुष आहे. या विषयावर कॉमिक काढलं तर चालेल का, की गप्प बसावं?

उत्तर : काढा की. फक्त तिच्या वतीने बोलू नका, तुमच्या वाट्याचं काढा. निरोध विकत घेताना वाटलेली लाज, नसबंदीचं नाव काढल्यावर मित्र काय म्हणाले, दवाखान्याबाहेर बाकावर बसून काढलेले तीन तास. यावर पुरुषांनी काढलेलं मला तरी फार कमी दिसतं. पहिली चार पानं झाली की आम्हाला पाठवा.